चंद्रतळ्याचं सूप

धायरी, पुणे
५ जुलै २०२३

ओवीबाई, घर नंबर तीन, हनीफर्न बेट यांस,

पत्ता बरोबर आहे ना? पाकिटावर खाली आजीचा नागपूरचा पत्ताही घातलाय, कारण आपल्या पोस्टमनला बेट सापडेल याची मला खात्री नाही.

रविवारी गेम बंद करताना तू म्हणालीस, "बाबा, हनीफर्नमध्ये सगळ्यांच्या पेटीत पत्रं येतात. मला खऱ्या घरी एकपण येत नाही." मी म्हटलं, खऱ्या घरी फक्त लाइटची बिलं येतात. त्यावर तू हसली नाहीस. म्हणून हे पत्र.

आता बातमी. आठवड्यातून एक तास आपण त्या बेटावर भेटतो. तिथे तू मला गवत कापायला लावतेस, बोरं वेचायला लावतेस आणि स्वयंपाक मात्र स्वतः करतेस. या रविवारी तू चंद्रतळ्याचं सूप केलंस. तुझ्या बाहुलीने पळी फिरवली, टुणटुण वाजलं, माझ्या बाहुल्याच्या ताकदीचे सगळे बदाम लाल झाले. आणि मी इकडे लॅपटॉपसमोर चहात खारी बुडवत होतो. मला वाटलं, हा अन्याय आहे. बाहुल्याला सूप आणि मला खारी.

म्हणून मंगळवारी ते सूप मी खरोखर केलं.

निळा रंग कुठून आणायचा हा प्रश्न होता. आमच्या शेजारी द्वारकाकाकू राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यात, अजूनही दार उघडताना काउंटरची खिडकी उघडल्यासारख्या बघतात. त्यांच्या गॅलरीत गोकर्णाचा वेल आहे. मी फुलं मागितली. म्हणाल्या, "पूजेला का?" मी म्हटलं, "नाही, सुपाला." त्यांनी माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि फुलं देऊन दार लावलं.

फुलं उकळली. पाणी इतकं निळं झालं की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग फोडणी केली आणि हात सवयीने हळदीकडे गेला. निळ्यात पिवळं पडलं की काय होतं, ते तुझ्या चित्रकलेच्या बाईंना विचार. पहिलं सूप हिरवं झालं, ते ओतून दिलं. दुसऱ्यांदा फोडणीच नाही. नारळाचं दूध, बटाटा, मीठ, वर तळ्यातल्या बुडबुड्यांसाठी शिजवलेला साबुदाणा. रंग आला, पण चंद्राचा नाही, जुन्या शाळेच्या भिंतीचा आला. लिंबू पिळलं तर डोळ्यांसमोर जांभळं झालं! हे तुला दाखवायला हवं होतं.

चव विचारशील तर, नारळाच्या दुधात कुणीतरी बाग बुडवून काढल्यासारखी. ऑफिसच्या मंडळींना जेवायला बोलावलं होतं. सगळ्यांनी दोन-दोन वाट्या घेतल्या. खूप मजा आली. थोडं उरलंय, शुक्रवारपर्यंत पुरेल.

रविवारी दहाला ये. गवत कापून ठेवतो.

बेटावरचा तुझा मजूर,
बाबा


धायरी
८ ऑक्टोबर २०२३

ओवीबाई,

तुझं पत्र मिळालं. मागे काढलेलं अस्वल फ्रीजवर लावलंय. दुकानदार अस्वलाच्या चेहऱ्यावरचा कंजूसपणा तू अगदी बरोबर पकडलायस.

तू लिहिलंयस, "मी आजीला रोज सांगून राहिली आहे की निळं सूप कर, पण ती नाही म्हणून राहिली आहे." मागच्या वर्षी वारज्याच्या घरातून आईबरोबर गेलीस, तेव्हा तू "सांगतेय" म्हणायचीस. दुरुस्त करू नकोस. मी ते वाक्य मोठ्याने वाचून बघितलं. तिकडे तुझा आवाज कसा येत असेल त्याचा अंदाज घेत होतो.

या वेळी ज्वालामुखी भात केला. भाताची मूद पाडायला पेला लहान पडला, म्हणून दुधाचं पातेलं घेतलं. डोंगर चांगला उभा राहिला. माथ्यावर पळीने खड्डा केला आणि त्यात बीट-टोमॅटोचा लाल रस्सा ओतला. तोपर्यंत गेमसारखंच सगळं. पण गेममधल्या डोंगरातून धूर येतो. तेव्हा एक कोळसा गॅसवर लाल केला, वाटीत ठेवला, वाटी माथ्यावर, आणि कोळशावर तूप. धूर आला. डोंगरातून आला, मग घरभर आला, मग जिन्यात गेला.

द्वारकाकाकू दारात आल्या. "आग लागलीय की स्वयंपाक चाललाय?"

"स्वयंपाक."

"मग फरक काय?"

मी त्यांना डोंगर दाखवला. एक कडा तोपर्यंत ढासळला होता आणि लाव्हा ओट्यावर आला होता. त्या म्हणाल्या, "हे कुणासाठी?" मी म्हटलं, ओवीसाठी. "ती आलीय?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा एकदा डोंगराकडे बघितलं. मग चपला काढून आत आल्या आणि म्हणाल्या, "अर्धा डोंगर मला वाढा. भाजी तरी सोबत काही केलीय का?"

गेममध्ये ज्वालामुखी भात खाल्ला की थंडी वाजत नाही. काकूंना कपाळापर्यंत घाम फुटला. तेव्हा गेम खोटं बोलत नाही एवढं सिद्ध झालं.

बाबा


धायरी
१४ जानेवारी २०२४

ओवीबाई,

तिळगूळ वेगळ्या डब्यात पाठवलाय. त्यातले काळे गोळे म्हणजे 'खाणीतला दगड'. गुहेत शिरण्याआधी आपण खातो तोच. एक सूचना, आजीला ते देऊ नकोस.

नाचणीचं पीठ खमंग भाजलं होतं, खजूर घातला होता, काळे तीळ भरपूर होते, सगळं उत्तम चाललं होतं. पण गुळाचा पाक पुढे गेला. मी तुला दाखवण्यासाठी फोटो काढत होतो, तेवढ्यात गेला. वळताना जे हाताला लागले ते गोळे होते, गार झाल्यावर दगड झाले. नाव सार्थ झालं. ऑफिसच्या मंडळींना फार आवडले, त्यांचे दात चांगले आहेत. मी परवा चौकातल्या डेंटिस्टकडे सहज जाऊन आलो. बोलका माणूस आहे.

गेले दोन-तीन रविवार तुझ्या घराच्या खिडकीत दिवा नव्हता. शाळेचं गॅदरिंग होतं, माहीत आहे मला. तुझ्या शेतातला कोबी मान टाकायला लागला होता, त्याला पाणी घातलं. कुंपणाच्या आत येण्यासाठी तुझी परवानगी लागते. ती तू कधीतरी आधीच देऊन ठेवलेली दिसली. बरं वाटलं.

तक्रार नाही हं. कोबीबद्दल कळवायचं म्हणून कळवलं.

बाबा


धायरी
१८ ऑगस्ट २०२४

ओवीबाई,

ड्रॉइंगचा क्लास रविवारी दहालाच असतो हे कळलं. क्लास महत्त्वाचा. बेट कुठे पळून जात नाही. संध्याकाळी जमत असेल तर सांग, मी कधीही मोकळा असतो. म्हणजे कामं असतातच, पण बाजूला ठेवता येतात.

ढगांची पोळी जमली! हंसबाईच्या बेकरीतली, जी खाल्ली की बाहुल्या टुणकन उडी मारतात ती. डाळ-तांदूळ वाटून रात्रभर आंबवलं, सकाळी पीठ भांड्याबाहेर येऊन बसलं होतं. बिडाच्या तव्यावर एकाच बाजूने भाजायची, वर झाकण. इतकी जाळी पडली की पलीकडचं दिसेल. आजवरचं सगळ्यात चांगलं जमलेलं हेच. उभ्यानेच खाल्ली, तव्यावरून काढून.

तुझ्या पत्रात आईचे मित्र श्रीनिवास काका दोनदा आले आहेत. ते तुला सायकल शिकवतात हे चांगलं आहे. पुण्यात तुझी शिकायची राहूनच गेली, वारज्याच्या त्या चढावर कुणीच शिकलं नसतं. ते पॅनकेक करतात असंही लिहिलंयस, अगदी गोल, एकसारखे. पॅनकेक म्हणजे इंग्रजी शाळेत गेलेलं धिरडं. हे काकांना सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल.

बाबा


धायरी
९ फेब्रुवारी २०२५

ओवीबाई,

आईच्या लग्नाचे फोटो मिळाले. तू हिरव्या परकर-पोलक्यात फार उंच दिसतेस. श्रीनिवास काका चष्म्यात प्रामाणिक दिसतात. आईला माझ्याकडून शुभेच्छा दे. फोनवर दिल्या आहेत, तरी दे.

या महिन्यात काही केलं नाही. पोळी-भाजीचा डबा लावलाय, एका माणसाला पुरून उरतो. रविवारी बेटावर कापणीचा सण होता. चौकात लांब टेबल मांडतात, आठवतं? यंदा कळलं की टेबलाशी निदान दोन बाहुल्या असल्याशिवाय गेम ताटं मांडतच नाही. मी बराच वेळ बाकावर बसून होतो. अस्वल दर थोड्या वेळाने येऊन विचारत होतं, "कुणी येणार आहे का?" त्याला तेवढंच वाक्य येतं, बिचाऱ्याला.

आईला सांग, कुरियर मिळालं. वाचतोय.

बाबा


धायरी
१३ एप्रिल २०२५

ओवीबाई,

मे महिन्यात तू येणार, तेही चार दिवस! पत्र वाचून मी आधी द्वारकाकाकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आधी घर झाडा."

मी रजा टाकलीय. घरही झाडलंय. आपण कापणीचा सण करायचा, खरा, टेबलावर. सूप, ज्वालामुखी भात, ढगांची पोळी, आणि जे आजवर जमलं नाही ते कंदील मोदक. तांदळाची उकड इतकी पातळ लाटायची की आतलं केशरी सारण बाहेरून दिसावं. दोनदा करून पाहिले. कंदील फुटतात. मेपर्यंत फुटायचे थांबतील.

आई तुला घेऊन स्वारगेटला उतरणार आणि पुढे मैत्रिणीकडे वारज्याला जाणार असं ठरलंय. मी तासभर आधीच येऊन थांबेन, म्हणजे चुकामूक नको.

बाबा

ता. क. आईला सांग, अजून वाचतोय.


धायरी
२७ मे २०२५

ओवी,

'ओवीबाई' बेबीसारखं वाटतं असं तू जाताना म्हणालीस, म्हणून नुसतं ओवी.

त्या चार दिवसांत काय झालं ते तुला माहीत आहे. पण ती तुझी बाजू झाली. माझी बाजू तुझ्याकडे असावी म्हणून लिहितोय. समोर बोलताना मला हे जमलं नाही, पत्रात थोडं जमतं.

स्वारगेटला तू उतरलीस तेव्हा मी दुसऱ्याच मुलीकडे बघून हात हलवला. तिच्या आईने तिला पलीकडे ओढून घेतलं. मी दोन वेण्या शोधत होतो आणि तू केस कापले होतेस. तू माझ्या मागे येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, मी इकडे आहे." हे वाक्य मी धायरीला पोचेपर्यंत रिक्षात मनात म्हणत होतो.

मग घर. टेबल आदल्या दिवसापासून मांडलेलं. तू दारात थांबलीस आणि म्हणालीस, "अरे, हे तर हनीफर्न!" तेव्हा क्षणभर तू नऊ वर्षांची होतीस. मग तुझ्या चेहऱ्यावर मोठ्या माणसांचं हसू आलं, लग्नात आहेर घेताना येतं तसं. "मी आता नाही खेळत ते, बाबा. बेबी गेम आहे तो. सॉरी."

सॉरी कशाला. तू अकरा वर्षांची आहेस. बेचाळीसचा झालो तरी मी खेळतो, सॉरी मी म्हणायला हवं.

तू सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलीस. "छान झालंय," म्हणालीस. डोंगराचा कडा पडला तेव्हा हसलीस, पण आवाज न करता. कंदील मोदकाकडे बघून "सो प्रेटी" म्हणालीस आणि फोटो काढलास. कुणाला पाठवलास ते मी विचारलं नाही. सगळं इतकं नीट चाललं होतं की मला भीती वाटायला लागली. पाहुणे असे जेवतात.

मग तू ताटं उचललीस आणि घासून मांडणीत ठेवायला गेलीस.

"बाबा, दोनच ताटं आहेत?"

"हो. पुरतात."

"मग ऑफिसचे सगळे कशात जेवायचे?"

"पत्रावळीवर."

"सूप पण?"

मी ओटा पुसायला लागलो. तू म्हणालीस, "पण तू तर घरूनच काम करतोस ना? तुझं ऑफिस लॉकडाउनपासून बंदच आहे. आई सांगत होती." आणि मग तुला माझा चेहरा दिसला असावा. तू वळून नळ सोडलास, घासलेली ताटं पुन्हा घासलीस, आणि नंतर चारही दिवस तो विषय काढला नाहीस. तुझ्या वयाचा असताना मी असा गप्प बसलो नसतो. हे तू कुणाकडून शिकलीस माहीत नाही. माझ्याकडून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांड्यांच्या आवाजाने जागा झालो. माझ्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणीतरी भांडी वाजवतंय, हा आवाज मी विसरलो होतो. म्हणून लगेच उठलो नाही, पडून ऐकत राहिलो. आलो तेव्हा तू ऑम्लेट उलटत होतीस. कांदा अगदी बारीक चिरलेला. आजीने पिशवीत दिलेला मसाला त्यात सढळ हाताने घातलेला.

मी म्हटलं, "हे कुठल्या गेममधलं?"

"कुठल्याच नाही. श्रीनिवास काकांनी शिकवलं. ते दर रविवारी करतात."

रविवारी किती वाजता, हे मी विचारलं नाही.

तू माझ्यासमोर बसलीस. मी पहिला घास घेतला आणि तू विचारलंस, "बाबा, तो पेपर तू साइन का नाही करत आहेस?"

"कुठला?" मी म्हटलं. मला चांगलं माहीत होतं कुठला.

"मी नेदरलँड्सला गेले तर तुझी हरकत नाही, असा. त्याशिवाय माझा व्हिसा नाही होत. आई आणि काकांचं सगळं झालंय. माझंच अडून राहिलंय."

"तुला जायचंय का?"

"हो."

"आईला जायचंय म्हणून?"

"नाही. मला जायचंय." तू खाली बघून बोलत होतीस, पण आवाज सरळ होता. "तिथे शाळेत सगळे सायकलने जातात. आणि त्या शाळेत ड्रॉइंगसाठी वेगळी मोठी खोली आहे, वरून उजेड येतो. मी व्हिडिओ बघितलाय. रोज बघते."

"आणि मी सही नाही केली तर?"

तुझी आई विचार करताना ओठ आत घेते, तसे घेतलेस.

"मग आई पण थांबेल. काका एकटे जातील. मग घरात कुणीच काही नाही बोलणार. तसं झालं होतं ना वारज्याला, तुमचं. आणि मग मी तुझ्यावर चिडून राहीन, बाबा. रोज. मला तुझ्यावर चिडायचं नाहीये."

मी ऑम्लेट संपवलं. मसाला फार तिखट होता, त्याचा फायदा झाला. डोळे पुसले तरी तुला काही वाटलं नसेल. तू पाणी आणून दिलंस.

तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी सही केली. तुझ्यासमोर करता आली असती, पण मग तुला काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तू आधीच पुरेसं बोलली होतीस. फेब्रुवारीपासून तो कागद मी टेबलाच्या खणात ठेवला होता. रोज जेवायच्या आधी काढायचो, वाचायचो, परत ठेवायचो. त्यात वाचण्यासारखं काही नाही, चार ओळी आहेत.

उरलेले दिवस मला आवडले. आपण धारेश्वराच्या टेकडीवर गेलो, तू तिथे बसून खालच्या इमारती काढल्यास, आणि मी काही न करता तुझ्या शेजारी बसलो. जेवणाचं मी काही ठरवलं नाही. एकदा वडापाव खाल्ला, एकदा द्वारकाकाकूंनी थालीपीठ लावून आणलं. "तुमच्या बेटावरचं नाही, पण पोट भरतं," असं म्हणून त्या ताट ठेवून गेल्या. तू खरी हसलीस, आवाज करून.

स्वारगेटला तुझ्या आईच्या हातात पाकीट दिलं. तिने उघडून बघितलं नाही. "थँक्स, सौमित्र," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "नीट पोचा." बस सुटताना तू खिडकीतून हात हलवलास. या वेळी मी बरोबर मुलीकडे बघत होतो.

उत्तर सवडीने लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन की कामात आहेस. तिकडच्या खोलीत वरून उजेड कसा येतो, एवढं मात्र कधीतरी काढून पाठव.

बाबा


धायरी, पुणे
१७ ऑगस्ट २०२५

श्रीनिवास यांना,

आपण भेटलेलो नाही. तुमचं ऑम्लेट मात्र मी ओवीच्या हातून खाल्लंय. चांगलं होतं, मसाला कमी घाला.

तुम्ही तिघं या आठवड्यात निघताय असं प्रियदर्शनीने कळवलं. निघायच्या गडबडीत हे पत्र म्हणजे त्रासच आहे, पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. तुमची ओवीशी ओळख अलीकडची, तिकडचं तुमचं काम घरूनच, प्रियदर्शनी मात्र रोज नोकरीवर जाणार, म्हणजे शाळेतून आल्यावर घरी तुम्हीच असाल असं मला वाटतं. ओवीला हे पत्र दाखवू नका.

ती आजारी पडली की सांगत नाही. शहाण्यासारखी वागायला लागते. दप्तर जागेवर ठेवते, प्रत्येक गोष्टीला थँक यू म्हणते, न सांगता लवकर झोपते. घरातले खूश होतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला चांगलाच ताप चढलेला असतो. तेव्हा ती एखाद्या दिवशी फारच गुणी वाटली, तर आधी कपाळाला हात लावून बघा.

तापात ती काही खात नाही. हे आम्हाला वारज्याला कळलं, ती पाच वर्षांची असताना. ताप उतरत नव्हता, डॉक्टर म्हणाले, पोटात काही जात नसेल तर हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल. प्रियदर्शनीने सगळं करून पाहिलं. ओवी तोंड मिटून पडून राहायची. मला तोपर्यंत चहापलीकडे काही करता येत नव्हतं. मी नुसता तिच्या शेजारी गेम खेळत बसायचो, ती पडल्या पडल्या बघायची. त्यात एक म्हातारं कासव आजारी होतं. त्याला भोपळ्याची लापशी भरवायची होती. मी भरवली, कासव उठून बसलं. ओवी म्हणाली, "मला ते पाहिजे."

मी तसाच स्लिपर घालून भोपळा आणायला गेलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला पदार्थ. पुढे मी त्या गेममधलं बरंच काही केलं, पण सुरुवात ती.

लाल भोपळ्याच्या फोडी वाफवून घोटून घ्यायच्या. बारीक रवा तुपावर मंद आचेवर भाजायचा, रंग बदलू द्यायचा नाही. त्यात भोपळा, दूध, चिमूटभर मीठ. साखर अजिबात नाही, कासवाला साखर चालत नसे. पळीवरून सावकाश पडेल इतकी पातळ ठेवा. वर उकडलेल्या गाजराचा एक तारा हवाच. मी तो चाकूने कापायचो. पाच टोकं मला कधीच जमली नाहीत, चारच व्हायची. तिने कधी मोजली नाहीत.

पहिला घास तुम्ही खायचा. गेममधला बाहुला आधी स्वतः चाखतो आणि मान डोलावतो, त्याशिवाय कासव तोंड उघडत नाही. तुम्ही चाखून "हं" म्हणायचं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग वाटी तिच्याजवळ ठेवायची.

आता ती मोठी झालीय. कदाचित म्हणेल, हे काय लहान मुलांसारखं. तरी करा. वाटी ठेवा आणि खोलीबाहेर येऊन थांबा. ती कुणी बघत नसताना खाते.

नवीन गावात पहिल्या हिवाळ्यात मुलं आजारी पडतातच, त्यात कुणाचा दोष नसतो. तुम्ही घाबरू नका. मी त्या वेळी फार घाबरलो होतो.

मला कळवायची तसदी घेऊ नका, असं लिहून मी पत्र संपवलं होतं. पाकीट चिकटवायच्या आधी परत उघडलं. तिने खाल्लं तर मात्र कळवा. तुमच्याकडे आणि इकडे कितीही वाजले असले तरी.

सौमित्र